हबशी कोणाला म्हणता?

आपल्या मराठवाडी बोलीत ‘हबशी’ हा शब्द हिणवण्यासाठी वापरला जातो. पोर उन्हात खेळून काळवंडले की आई त्याला ‘हबशी झालास की रे’ म्हणते. अंगापिंडाने थोराड माणूस पंगतीला बसला की ‘हबशासारखा जेवतो’ अशी कुजबुज होते. सोयरिकीच्या बैठकीत तर हा शब्द इतक्या सहजपणे उच्चारला जातो की ऐकणाऱ्याला संकोच वाटावा. ही बोलणी मी परक्या घरांतून ऐकली असती तर त्यांविषयी या अंकात लिहिले नसते. ती आपल्याच धर्मग्रामांतल्या घरांतून ऐकली आहेत. भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, तिच्यापुढे तेवणारा तांबडा दिवा, आणि त्याच भिंतीखाली बसून ‘मुलगी गुणाची आहे हो फादर, पण अगदीच हबशीण’ असे निरागसपणे सांगणारी माणसे!

शब्दावरच थांबले असते तरी एक वेळ चालले असते. ऑक्टोबर महिन्यात जागतिक मिशन रविवार येतो. त्या निमित्ताने ठिकठिकाणी मुलांची नाटुकली बसवली जातात. एक मुलगा पांढरा झगा घालून आणि कापसाची दाढी लावून मिशनरी होतो. दहाबारा मुले तोंडाला तव्याची काजळी फासतात, कमरेला कडुलिंबाचे डहाळे बांधतात आणि हातात काठ्या घेऊन आरडाओरड करीत नाचतात. हे म्हणे आफ्रिकेतले ‘रानटी’ लोक. मिशनरी क्रूस उंचावतो, रानटी गुडघे टेकतात, टाळ्यांचा कडकडाट होतो आणि मग अल्पोपाहार. काही ठिकाणी तीच मुले डोक्याला पिसे खोवून अमेरिकेतले ‘रेड इंडियन’ही होतात, काजळीऐवजी कुंकू, एवढाच काय तो बदल.

हे नाटुकले खोटे आहे आणि ते बंद झाले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘फादर, मुलांच्या करमणुकीत इतिहास कशाला आणता?’ असे मला विचारले गेले आहे. इतिहास मी आणलेला नाही, तो रंगमंचावर आधीच आणला गेला आहे. फक्त तो चुकीचा आहे. आणि जी मुले काजळी फासून नाचतात त्यांच्या पणज्यांना याच मराठवाड्यात देवीच्या यात्रेत लिंब नेसवीत असत, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी तरी ते डहाळे मुलांच्या कमरेला बांधताना क्षणभर थांबायला हवे होते.

‘हबश’ हे अरबांनी अॅबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला दिलेले नाव. तिथला तो हबशी. आपल्या लातूर, नांदेड जिल्ह्यांत हा शब्द चारशे वर्षांपूर्वी कोणत्या अर्थाने बोलला जात होता, हे पाहायला ग्रंथालयात जावे लागत नाही. लातूरहून वीसेक किलोमीटरवर औसा आहे. तिथल्या भुईकोटात शाळांच्या सहली जातात, तोफा पाहून आणि बुरुजावर नावे कोरून परत येतात. या औशाला एके काळी अंबरापूर हे नाव पडले होते, असे परंपरा सांगते. हा अंबर म्हणजे मलिक अंबर. इथिओपियात १५४८च्या सुमारास जन्मलेला, लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेलेला, मोखा आणि बगदादच्या बाजारांतून हातोहात फिरत अखेर अहमदनगरच्या निजामशाहीत येऊन पोहोचलेला एक मुलगा. तिथला पेशवा चंगीझखान हा त्याचा अखेरचा धनी, आणि तोही हबशीच. धन्याच्या मृत्यूनंतर अंबर मोकळा झाला. १६०० साली मोगलांनी अहमदनगर घेतले तेव्हा निजामशाही बुडाली असे दिल्लीला वाटले. अंबरने परांड्याच्या किल्ल्यात दुसऱ्या मुर्तझाला गादीवर बसवले आणि पुढची पंचवीस वर्षे अकबर व जहांगीर यांच्या फौजांना दख्खनमध्ये सुखाने झोप लागू दिली नाही. १६१० साली त्याने खडकी वसवली. तेच पुढे औरंगाबाद, आणि आजचे छत्रपती संभाजीनगर. डोंगरातून त्या शहराला पाणी आणणारी नहर त्याची. शेतसाऱ्याची इजारापद्धत मोडून जमिनीचा कस पाहून सारा ठरवण्याची व्यवस्थाही त्याची. ‘मलिकंबरी धारा’ म्हणून तिचे नाव आपल्या कुळकर्ण्यांच्या दप्तरांत पुढे कितीतरी पिढ्या टिकले. शहाजीराजे भोसले त्याच्या बाजूने १६२४ साली भातवडीला लढले. जहांगीर बादशहाला रणांगणावर तो कधी सापडला नाही, म्हणून त्याने भाल्यावर लावलेल्या अंबरच्या मस्तकावर आपण बाण मारीत आहोत असे चित्र काढवून घेतले! १६२६ साली अंबर स्वाभाविक मृत्यूने वारला आणि खुलदाबादला त्याची कबर आहे.

तो एकटा नव्हता. नांदेड जिल्ह्यातला कंधारचा किल्ला, राष्ट्रकूटांच्या आठवणी अंगावर वागवणारा, निजामशाहीच्या याच काळातून गेला आणि १६३१ साली मोगलांनी घेतला. १६३६ साली उदगीरच्या किल्ल्याला शाहजहानच्या सरदाराने वेढा दिला तेव्हा आत किल्लेदार होता सिद्दी मिफ्ताह. ‘सिद्दी’ म्हणजे पुन्हा हबशीच. म्हणजे आपल्या पंचक्रोशीतल्या शेतकऱ्याच्या तोंडी ‘हबशी’ हा शब्द आला तर तो वाड्यातल्या धन्याविषयी, किल्लेदाराविषयी, क्वचित भीतीने आणि बहुधा मुजऱ्यासह. हे चित्र गोड करून सांगण्याचा माझा हेतू नाही. एक अंबर पेशवा झाला; त्याच्याबरोबर विकली गेलेली किती मुले वाळवंटात आणि गलबतांच्या तळाशी मेली याची मोजदाद कोणी ठेवली नाही. गुलामांचा तो व्यापार अरबांचा आणि इतर मुसलमान व्यापाऱ्यांचा होता, युरोपीयांचा नव्हे, हेही सांगितले पाहिजे. पण ‘आफ्रिकी माणूस म्हणजे रानटी’ ही कल्पना त्या काळच्या दख्खनला ठाऊक नव्हती. ती नंतर आयात झाली.

कुठून, याचा धागा एका डच व्यापाऱ्याच्या आयुष्यात दिसतो. पीटर व्हान डेन ब्रुके त्याचे नाव. हा माणूस आधी काही वर्षे आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, काँगो-अंगोलाच्या बाजूला व्यापार करून आला होता. १६१७ साली सुरतेहून मच्छलीपट्टणकडे खुष्कीच्या मार्गाने जाताना तो मलिक अंबरच्या छावणीत आला. अंबरचे रूप, त्याचा कडक न्याय आणि त्याच्या मुलखातली शिस्त यांचे वर्णन त्याने लिहून ठेवले आहे. ज्या वर्णाच्या माणसांशी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गोरे लोक बंदुकीच्या आधाराने सौदे करीत होते, त्याच वर्णाच्या सत्ताधीशापुढे हा गोरा व्यापारी मराठी मुलखात वाटेची परवानगी मागत उभा होता. युरोपचे श्रेष्ठत्व जर ईश्वराने जन्मजात दिलेले असते तर या प्रसंगाची संगती कशी लावायची?

आता धर्माकडे वळतो, कारण आमच्या नाटुकल्यांचा खरा दोष तिथे आहे. ती असे गृहीत धरतात की ख्रिस्त आफ्रिकेत युरोपच्या जहाजातून उतरला. इथिओपियाच्या अक्सुम साम्राज्याचा राजा एझाना चौथ्या शतकात, साधारण ३३०च्या पुढेमागे, ख्रिस्ती झाला. त्याच्या दरबारात वाढलेल्या टायर नगरच्या फ्रुमेन्शियसला अलेक्झांड्रियाच्या संत अथानेशियसने बिशपपदाचा अभिषेक केला. राजाने आपल्या नाण्यांवरून जुन्या देवतांची चिन्हे काढून क्रूस कोरला. त्या वेळी जर्मन टोळ्या वोदानची पूजा करीत होत्या, इंग्लंड नावाचा देश अस्तित्वात नव्हता आणि पोर्तुगालचे नाव कोणी ऐकले नव्हते. संत ऑगस्टीन, ज्याच्या वाक्यांवर आम्हा सेमिनरीतल्या विद्यार्थ्यांची अर्धी झोप उडाली, तोही उत्तर आफ्रिकेचाच. पण त्याचे चित्र काढताना आम्ही त्यालाही रोमन करून टाकले आहे.

औशाजवळ खरोशाच्या लेण्या आहेत. डोंगराच्या मऊ जांभ्यात कोरलेल्या त्या लेण्या ज्यांनी पाहिल्या आहेत, किंवा वेरूळचे कैलास लेणे ज्यांनी वरून खाली पाहिले आहे, त्यांना इथिओपियाच्या लालिबेला गावातली मंदिरे लगेच समजतील. बाराव्या-तेराव्या शतकांत तिथल्या कारागिरांनी अकरा ख्रिस्तमंदिरे जमिनीतल्या खडकातून कोरून काढली. त्यातले संत जॉर्जचे मंदिर क्रूसाच्या आकाराचे आहे आणि त्याचे छत भोवतालच्या जमिनीच्या पातळीला आहे. कैलासाप्रमाणेच आधी कळस, मग पाया! आजही तिथे नाताळला हजारो यात्रेकरू पांढरी वस्त्रे पांघरून रात्रभर जागरण करतात. या देशाला आमचे नाटुकले रानटी ठरवते.

आणि या देशाशी युरोपीय ख्रिस्ती कसे वागले? १५४१ साली चारशे पोर्तुगीज बंदुकधारी इथिओपियाच्या मदतीला गेले. त्यांचा नायक क्रिस्तोव्हाँ द गामा, म्हणजे वास्कोचा मुलगा, तिथेच मारला गेला. त्या मदतीबद्दल इथिओपिया कृतज्ञ होता. पुढे जेझुइट धर्मगुरू गेले. त्यांतला पेद्रो पाएझ शहाणा माणूस. तिथली भाषा शिकला, लोकांत मिसळला, आणि त्याच्या प्रभावाने सम्राट सुसेन्योस याने १६२२ साली कॅथोलिक पंथ उघडपणे स्वीकारला. त्यानंतर आलेल्या पेट्रिआर्क अफोंसो मेंदेश यांनी मात्र तेराशे वर्षांच्या ख्रिस्ती प्रजेला पुन्हा बाप्तिस्मा घ्यायला लावला, तिथल्या धर्मगुरूंना पुन्हा दीक्षा घ्यायला सांगितली, त्यांचे उपास, सण, पंचांग सारे बदलायला निघाले. देश पेटला. हजारो माणसे मारली गेल्यावर सुसेन्योसने १६३२ साली जुना धर्म परत दिला आणि त्याच्या मुलाने, फासिलादासने, जेझुइटांना हद्दपार केले. यात इथिओपियाचा काय अपराध होता? आपल्या केरळातल्या संत थॉमसच्या ख्रिश्चनांना १५९९च्या उदयंपेरूर सभेत असेच ‘शुद्ध’ करण्यात आले होते आणि त्याची परिणती १६५३ साली कूनन कुरिशूच्या शपथेत झाली. पाएझने जे वीस वर्षांत मिळवले ते मेंदेश यांनी सात वर्षांत घालवले. आम्ही सेमिनरीत हा विषय शिकलो तो ‘मिशनकार्यातील अडचणी’ या मथळ्याखाली. अडचण कोणाची होती, हे मथळ्यात नव्हते.

काँगोची कथा याहून जिव्हारी लागणारी आहे. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर काँगो नावाचे एक सुसंघटित राज्य होते. प्रांत, प्रांताधिकारी, कर, कवड्यांचे चलन, ताडाच्या तंतूंपासून विणलेले तलम कापड, सारे काही. तिथला राजा १४९१ साली बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाला. त्याला कोणी जिंकले नव्हते. तलवारीने नव्हे, दूतांच्या देवाणघेवाणीतून हे घडले. त्याचा मुलगा अफोंसो याने सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात तीस-पस्तीस वर्षे राज्य केले. शाळा काढल्या, मंदिरे बांधली, रात्र रात्र जागून धर्मग्रंथ वाचले. आपला मुलगा हेन्रिके याला त्याने लिस्बनला शिकायला पाठवले आणि १५१८ साली पोप दहावे लिओ यांनी त्या काळ्या तरुणाची बिशपपदी नेमणूक केली.

याच अफोंसोने १५२६ साली पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहिले. आपल्या देशात येणारे पोर्तुगीज व्यापारी रोज माणसे पळवून नेतात, सरदारांची मुले आणि आपले नातलगसुद्धा त्यांतून सुटत नाहीत, देश ओस पडत चालला आहे, अशी त्याची तक्रार होती. आम्हाला धर्मगुरू आणि शिक्षक पाठवा, पवित्र संस्कारासाठी द्राक्षरस आणि पीठ पाठवा, बाकी तुमचा माल नको, असे त्या ख्रिस्ती राजाने आपल्या ख्रिस्ती ‘बंधुराजा’ला कळवले. अफोंसो स्वतः गुलामांच्या व्यापारापासून सर्वस्वी अलिप्त होता असे नाही. युद्धकैदी तोही विकत असे. पण त्याची मागणी न्याय्य होती आणि ती मान्य झाली नाही. जहाजे येतच राहिली. पुढच्या साडेतीन शतकांत अटलांटिकपलीकडे नेण्यासाठी सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसे जहाजांत कोंबली गेली. त्यांतली सुमारे एक कोटी सात लाख पलीकडे जिवंत उतरली. आणि हेन्रिकेनंतर लॅटिन परंपरेत सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेला पुढचा काळा बिशप लाभला तो १९३९ साली, युगांडात. आपल्याकडेही वेगळे काय घडले? गोव्याच्या दिवाडीचे मातेउश द कास्त्रू यांना रोमने १६३७ साली बिशप करून आदिलशाही मुलखासाठी धाडले, तर पोर्तुगीज अधिकाऱ्यांना आणि गोव्याच्या वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांना एक हिंदी माणूस बिशप म्हणून सहन झाला नाही.

इथे आपल्यातली काही शिकलेली मंडळी म्हणतात, ‘काळच तसा होता. आजच्या मोजपट्टीने त्या माणसांना मोजू नये.’ हा युक्तिवाद मला मुळीच पटत नाही. मोजपट्टी आजची नाही, त्या काळाचीच आहे. अफोंसोचे पत्र १५२६चे. कॅरिबियन समुद्रातल्या हिस्पॅनिओला बेटावर डोमिनिकन धर्मगुरू अंतोनियो दे मोंतेसिनोस यांनी व्यासपीठावरून गोऱ्या वसाहतवाल्यांना, ही माणसे माणसे नाहीत काय, असा जाब विचारला तो १५११ साली. बार्तोलोमे दे लास कासास यांनी आयुष्याची पन्नास वर्षे तिथल्या मूळ रहिवाशांसाठी झगडण्यात घालवली. (त्यांनीही आरंभी आफ्रिकी गुलाम आणण्याची सूचना केली होती. पुढे तिचा त्यांना घोर पश्चात्ताप झाला आणि तो त्यांनी आपल्या इतिहासग्रंथात लिहून ठेवला.) आफ्रिकी वंशाचे लोरेन्सू द सिल्व्हा द मेंदोसा हे १६८४ साली रोमला गेले आणि ख्रिस्ती गुलामांच्या छळाची कैफियत त्यांनी मांडली, १६८६ साली रोमच्या धर्मकार्यालयाने त्या व्यापारातील अत्याचारांचा निषेधही केला. म्हणजे हे पाप आहे हे त्या काळाला ठाऊक होते. सांगणारे होते, ऐकणारे नव्हते.

ख्रिस्तसभेच्या बाजूने सोयीचे तेवढेच सांगायचे, हेही मला मान्य नाही. पोप तिसरे पॉल यांनी १५३७ साली ‘सुब्लिमिस देउस’ या पत्रकाने अमेरिकेतले मूळ रहिवासी पूर्णार्थाने मानव आहेत, त्यांचे स्वातंत्र्य आणि मालमत्ता हिरावून घेता येणार नाही, असे जाहीर केले. हे आपण प्रश्नोत्तरीच्या वर्गात अभिमानाने सांगतो. पण १४५२ आणि १४५५ साली पोप पाचवे निकोलस यांनी पोर्तुगालच्या राजाला, सारासेन आणि इतर अख्रिस्ती लोकांना जिंकून कायमचे गुलाम करण्याची मुभा देणारी पत्रके काढली होती, आणि १४९३ साली सहावे अलेक्झांडर यांनी समुद्रावर रेघ ओढून नवे जग स्पेनला बहाल केले होते, हे आपण वगळतो. ज्यांच्या जमिनी वाटल्या गेल्या त्यांना कोणी विचारलेही नव्हते. पोप दुसरे जॉन पॉल १९९२ साली सेनेगलच्या गोरे बेटावर, जिथून गुलामांची जहाजे सुटत, तिथे गेले आणि त्यांनी क्षमा मागितली. ३० मार्च २०२३ रोजी व्हॅटिकनने ‘शोधाच्या सिद्धान्ता’शी आपला संबंध नाकारला आणि ती जुनी पत्रके मूळ रहिवाशांच्या समान प्रतिष्ठेला न्याय देत नव्हती, हे लेखी मान्य केले. परमगुरूंना जे उच्चारताना कमीपणा वाटला नाही, ते मराठवाड्यातल्या धर्मग्रामात उच्चारायला आपण का कचरावे?

‘शोध’ हा शब्दही तपासून घ्यावा. आपली मुले पाठ करतात की वास्को द गामाने १४९८ साली भारताचा शोध लावला. मालिंदीच्या बंदरात त्याला वाटाड्या मिळाला तो हा समुद्र पिढ्यान्‌पिढ्या ओलांडणाऱ्यांपैकी होता. कालिकतला त्याने सामुतिरीसाठी आणलेल्या भेटी, थोडे कापड, टोप्या, पोवळी, भांडी, साखर, तेल आणि मध, पाहून दरबारी लोक हसले. दुसऱ्या सफरीत, १५०२ साली, याच गामाने मक्केहून परतणारे यात्रेकरूंचे जहाज बायकामुलांसह जाळले. १५०५ साली आल्मेदाच्या आरमाराने पूर्व आफ्रिकेतले किल्वा हे बांधीव बंदर लुटले. याच बंदरांतून आपल्याकडचे सुती कापड आणि काचमणी आत झिंबाब्वेच्या पठारापर्यंत जात. तिथल्या चुन्याशिवाय रचलेल्या प्रचंड दगडी भिंती पाहून गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्या फिनिशियनांनी, शिबाच्या राणीने, कोणीही म्हणाल त्याने, पण काळ्या माणसाने बांधल्या नाहीत असे ठरवून टाकले. १९२९ साली गरट्रूड कॅटन-थॉम्प्सन या विदुषीने उत्खननातून ते आफ्रिकी लोकांचेच काम असल्याचे दाखवले, तरी ऱ्होडेशियाचे सरकार पुढे दशकानुदशके ते मान्य करायला तयार नव्हते. तुमच्या आजोबांनी हे केलेच नसेल, असे म्हणणे हीसुद्धा एक प्रकारची लूटच आहे. गावकुसाबाहेरच्या माणसांना आपल्याकडे हेच सांगितले गेले नाही काय? १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराच्या वेळी नांदेड-परभणीकडे ज्यांची घरे जाळली गेली, त्यांतून आलेल्या कुटुंबांना हे मी समजावून सांगावे लागू नये.

अमेरिकेविषयी थोडक्यात लिहितो, कारण तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे. अस्तेकांची तेनोच्तित्लान ही सरोवरातली राजधानी पाहून स्पॅनिश शिपाई हे स्वप्न तर नव्हे ना म्हणून थक्क झाले, आणि १५२१ साली त्यांनी ती बेचिराख केली. बरोबर आलेल्या देवीच्या साथीने तलवारीपेक्षा अधिक माणसे मारली. इंकांचा सम्राट अताहुआल्पा याच्यापुढे १५३२ साली काहामार्काच्या चौकात बिनतयारीने एक धर्मगुरू पुढे गेला, हातात क्रूस आणि ग्रंथ घेऊन. सम्राटाने तो अनोळखी ग्रंथ उलटसुलट पाहिला आणि खाली टाकला. तेवढ्या निमित्तावर लपलेल्या तोफा सुटल्या. मीही हातात ग्रंथ घेऊन लोकांपुढे उभा राहणारा माणूस आहे, म्हणून तो व्हिन्सेंते दे व्हाल्व्हेर्दे मला इतिहासातल्या पुष्कळ सेनापतींपेक्षा अधिक अस्वस्थ करतो. त्याने खोलीभर सोने दंड म्हणून देणाऱ्या अताहुआल्पाला पुढच्या वर्षी फाशीपूर्वी बाप्तिस्मा दिला. जिवंत जाळण्याऐवजी गळा आवळून मारण्याची सवलत, एवढीच त्या बाप्तिस्म्याची किंमत! पुढे पोतोसीच्या खाणींतली रुपेरी धार जगभर वाहिली आणि तिच्यातला काही वाटा सुरतेच्या टाकसाळीत वितळून मोगल रुपया झाला.

इतके दूर जायलाही नको. आपले रोजचे ताट पाहावे. ज्वारी मूळची आफ्रिकेची. कोणत्याही फिरंग्याच्या कितीतरी आधी, काही हजार वर्षांपूर्वी ती आपल्या काळ्या मातीत आली. बाजरीही तिकडचीच. ठेच्यातली मिरची आणि त्यातला भुईमूग दक्षिण व मध्य अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी माणसाळवले. बालाघाटाच्या डोंगरातले सीताफळ तिकडचे, पेरू तिकडचा, मका तिकडचा. दसऱ्याला दारावर आपण ज्याचे तोरण लावतो तो झेंडूसुद्धा मेक्सिकोचा. ज्या ‘रानट्यां’नी हे पिकवायला शिकवले त्यांचेच अन्न खाऊन आपण त्यांची नक्कल करतो.

बाहेरच्या बाजूने येणारा प्रश्नही ओळखून आहे. ‘तुमचा धर्मच फिरंग्यांचा’ असे आपल्या तरुणांना कॉलेजात ऐकावे लागते, आणि अलीकडे ते अधिक तारस्वरात ऐकावे लागते. त्याला दोन चुकीची उत्तरे दिली जातात. एक, मान खाली घालून गप्प राहणे. दुसरे, पोर्तुगिजांचे सारे काही थोर होते असे ओरडून सांगणे. पोर्तुगिजांची वसई १७३९ साली गेली, आणि मराठवाड्यात फ्रेंच धर्मगुरूंनी घोगरगावच्या बाजूला काम सुरू केले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, निजामाच्या राज्यात. आपल्या आज्यापणज्यांच्या दारी कोणाचे आरमार आले नव्हते. त्या धर्मगुरूंनी बैलगाडीतून आणि पायी फिरून जे केले त्याबद्दलची कृतज्ञता माझ्या मनात कमी नाही. परंतु त्यांचे ऋण मानण्यासाठी गामाचे किंवा व्हाल्व्हेर्देचे वकीलपत्र घ्यावे लागत नाही. गोव्यात १५६० ते १८१२ पर्यंत इन्क्विझिशन चालले, हे समोरच्याने म्हटले तर होय म्हणावे. ते झाले आणि ते वाईट झाले. आणि मग त्याला एझानाचे नाव सांगावे. पण एझानाचे नाव सांगायला ते आधी आपल्याला ठाऊक हवे. घरात ‘हबशी’ ही शिवी वापरणाऱ्याच्या तोंडी ते नाव शोभणार कसे?

हा केवळ शब्दांचा प्रश्न नाही. मे २०१६ मध्ये दिल्लीत काँगोच्या एका तरुणाला रिक्षाच्या क्षुल्लक भांडणावरून मारहाण करून ठार करण्यात आले. तो फ्रेंच भाषा शिकवीत असे. पुण्याला आणि संभाजीनगरला शिकायला येणाऱ्या आफ्रिकी विद्यार्थ्यांना खोली भाड्याने मिळवताना काय ऐकावे लागते ते तिथे शिकणाऱ्या आपल्या मुलांना विचारावे. त्या विद्यार्थ्यांतले कित्येक रविवारी आपल्याच बाकावर येऊन बसतात. शांतीचे चिन्ह देण्याची वेळ आली की त्यांच्या बाजूचे हात किंचित उशिरा पुढे होतात.

तेव्हा येत्या मिशन रविवारासाठी धर्मग्रामांच्या तरुण मंडळांना आणि आमच्या धर्मभगिनींना माझी सूचना आहे. नाटुकले जरूर बसवावे, पण काँगोच्या वकिलाचे. अंतोनियो मानुएल न्साकु ने व्हुंडा असे त्याचे नाव. काँगोच्या राजाने १६०४ साली त्याला पोपकडे पाठवले. वाटेत चाच्यांनी त्याला लुटले, बरोबरची बहुतेक माणसे मेली, आणि तो रोमला पोहोचला तेव्हा १६०८ साल उजाडले होते. तो इतका आजारी होता की पोप पाचवे पॉल स्वतः त्याच्या बिछान्यापाशी आले. प्रकटीकरणाच्या सणाच्या आदल्या रात्री तो वारला. ज्या सणाला आपण गव्हाणीत उंटाशेजारी काळा राजा मांडतो त्या सणाच्या! सांता मारिया माज्जोरे या महामंदिरात त्याला पुरले आणि तिथे त्याचा रंगीत संगमरवरातला अर्धपुतळा आजही आहे. पोप फ्रान्सिस यांना एप्रिल २०२५ मध्ये त्याच मंदिरात चिरविश्रांती देण्यात आली.

पात्रे चार-पाच पुरतात: राजा, वकील, दोन चाचे, पोप. राजाच्या वेशासाठी एखादी जरीची शाल चालेल. काजळी नको.